युरोपचं परराष्ट्र धोरण ठरतं कुठे, अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपियन युनियनचे २७ देश मिळून परराष्ट्र धोरण चालवतात, म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? एक देश आडवा आला की सगळं ठप्प होतं का? आणि भारताला काही पदरात पाडून घ्यायचं असेल तर युनियनचा कारभार जिथून चालतो त्या ब्रुसेल्सचं दार ठोठवावं की थेट पॅरिस-बर्लिनचं? विचारणारे पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत आहेत. त्यांनी तिन्ही प्रश्न एकत्र विचारले हे बरं झालं, कारण तिन्हींची उत्तरं एकाच धाग्याने बांधलेली आहेत.

मी १८ वर्षं ब्रुसेल्समध्ये आहे. पहिली चार वर्षं एका छोट्या सदस्य देशाच्या प्रतिनिधी कार्यालयात सहायक होते. मसुदे जुळवणं, टिपणं काढणं, रात्री अकराला राजदूतांसाठी बदललेल्या परिच्छेदाची प्रत काढणं, असं काम. त्यानंतर आजपर्यंत भारतीय निर्यातदारांना युनियनचे व्यापाराचे आणि निर्बंधांचे नियम उलगडून सांगते. या सगळ्या काळात मी एक गोष्ट शिकले, ती आधी सांगते. ब्रुसेल्समध्ये बाहेरच्या जगाशी संबंधित कुठलाही विषय आला की जुनी माणसं पहिला प्रश्न विचारतात: कलम कोणतं? युनियनच्या करारातल्या ज्या कलमाखाली विषय आणला जातो, त्यावरून ठरतं की बोलणार कोण, मतं कशी मोजणार आणि एकट्या देशाला तो अडवता येणार की नाही. बाकीचं राजकारण त्यानंतर सुरू होतं.

दोन भारतीय उदाहरणं घेऊ, म्हणजे फरक लगेच दिसेल.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं. २०१४ च्या एप्रिलमध्ये मामांचा फोन आला. "अगं, पेट्या भरून तयार आहेत आणि तुझ्या युरोपने म्हणे आंबाच बंद केला!" खरंच केला होता. १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर, हापूससकट, आणि वांगी, कारली, पडवळ, अळू या भाज्यांवर युनियनने बंदी घातली होती. आधीच्या मालात फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. मामांचं म्हणणं साधं होतं: आंबा खातात लंडनचे लोक, मग लंडनच्या सरकारशी बोलून घ्या ना. त्या वेळी युनियनमध्ये जाणाऱ्या भारतीय आंब्याचा मोठा वाटा ब्रिटनच घेत असे आणि ब्रिटन तेव्हा सदस्य होता. तिथले व्यापारी संतापले, खासदारांनी आवाज उठवला, पण ब्रिटिश सरकारला एकट्याने आंब्याची एक पेटीही उतरवून घेता येईना. वनस्पती आरोग्याचे नियम सगळ्या युनियनचे एक आहेत, ते समितीत बहुमताने ठरतात आणि मग सगळ्यांना लागू होतात. आंब्यावरची बंदी उठली ती भारताने अपेडा या शेतीमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मान्यताप्राप्त पॅकहाउसमधली तपासणी कडक केल्यावर आणि युनियनच्या तपासनिसांचं समाधान झाल्यावर, २०१५ च्या सुरुवातीला.

आता दुसरं उदाहरण. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याबाहेर इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळीबार केला, दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. दोन नौसैनिकांवर भारतात खटला उभा राहिला. हा वाद भारत आणि इटलीचा. पण इटलीने तो युनियनच्या प्रत्येक खोलीत नेला. जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय संसदेने त्यावर ठराव केला आणि युनियनच्या उच्च प्रतिनिधी, म्हणजे साधारण परराष्ट्र मंत्र्यासारखं पद, फेडरिका मोगेरिनी यांनी संबंधांवर परिणाम होऊ शकतो असं उघड बोलून दाखवलं. भारत-युनियन शिखर बैठक फेब्रुवारी २०१२ मध्ये झाली होती, पुढची झाली थेट ३० मार्च २०१६ रोजी. चार वर्षांच्या या खंडाला मुक्त व्यापार कराराचं भिजत पडलेलं घोंगडंही कारण होतं, पण इटलीचा हट्ट नसता तर इतका वेळ गेला नसता असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या २७ देशांना या खटल्याशी फारसं घेणंदेणं नव्हतं. तरीही कोणी इटलीला डावलून पुढे गेलं नाही, कारण उद्या आपल्यावर वेळ आली तर इटली आपल्यामागे उभी राहावी हा हिशोब प्रत्येकाच्या मनात होता.

आंब्याच्या बाबतीत २८ देशांची एकच मूठ होती. मच्छीमारांच्या प्रकरणात एका देशाने सगळ्यांचा हात धरून ठेवला. संघटना तीच, शहर तेच. फरक होता तो कलमाचा.

याची मुळं इतिहासात आहेत. १९५४ मध्ये सामायिक युरोपीय सैन्याचा करार फ्रान्सच्याच संसदेने बुडवला, तेव्हापासून युद्ध आणि परराष्ट्र व्यवहार हा विषय सरकारांनी स्वतःच्या मुठीत ठेवला. १९७० पासून परराष्ट्र मंत्री नुसते सल्लामसलतीसाठी भेटू लागले. १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करार लागू झाला आणि ‘सामायिक परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण’ हे नाव आलं. १ डिसेंबर २००९ ला लिस्बन करार लागू झाला आणि आजची रचना उभी राहिली. या सगळ्या वाटचालीत व्यापार, सीमाशुल्क, मालाचे नियम यांचा अधिकार देशांनी युनियनला देऊन टाकला. परराष्ट्र धोरणाचा मात्र दिला नाही, फक्त एकत्र वापरायचं कबूल केलं. व्यापारात बहुतेक निर्णय पात्र बहुमताने होतात: किमान १५ देश हवेत आणि त्यांत युनियनची ६५ टक्के लोकसंख्या हवी. परराष्ट्र धोरणात करारातलं ३१ वं कलम एकमत मागतं. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आणि जर्मनीची ८ कोटींच्या वर, पण या कलमाखाली दोघांचा नकार सारख्याच वजनाचा.

आता आतलं काम कसं चालतं ते सांगते, कारण बातम्यांत हे कधी येत नाही.

समजा एखाद्या देशात सत्तापालट झाला. युनियनचे तिथले प्रतिनिधी आणि सदस्य देशांचे राजदूत आपापले अहवाल पाठवतात. ब्रुसेल्समध्ये युनियनची परराष्ट्र सेवा एक मसुदा तयार करते. तो त्या भागाच्या कार्यगटाकडे जातो. आशियासाठी वेगळा गट, पूर्व युरोप आणि मध्य आशियासाठी वेगळा, अरब देशांसाठी वेगळा, आणि निर्बंधांचा कायदेशीर मजकूर तपासणारा आणखी एक. तिथे प्रत्येक देशाचा एकेक मधल्या फळीतला अधिकारी बसतो, साधारण तिशी-चाळिशीचा, राजधानीहून आलेली सूचना समोर उघडी. त्यांच्या वर राजकीय आणि सुरक्षा समिती, जिला सगळे फ्रेंच आद्याक्षरांवरून ‘कॉप्स’ म्हणतात. तिथले राजदूत आठवड्यातून साधारण दोनदा भेटतात. त्यांची बैठक लावून देणाऱ्या गटाचं नाव निकोलाइडिस आणि कायम प्रतिनिधींच्या, म्हणजे सदस्य देशांच्या ब्रुसेल्समधल्या राजदूतांच्या, बैठकीची तयारी करणाऱ्यांचं नाव अँटिची. दोन्ही नावं राजनैतिक अधिकाऱ्यांवरून पडलेली. या लोकांचे चेहरे टीव्हीवर दिसत नाहीत, पण कुठला वाद मंत्र्यांपर्यंत न्यायचा आणि कुठला खालीच मिटवायचा हे पुष्कळदा तेच ठरवतात. मंत्र्यांची परिषद साधारण महिन्यातून एकदा भरते. तोपर्यंत मजकुराचा बहुतांश भाग पक्का झालेला असतो.

आणि हा मजकूर पक्का कसा होतो? पुष्कळदा गप्प राहून. मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि वेळ देतात, समजा शुक्रवारी दुपारी १२. तोवर कोणी हरकत घेतली नाही तर मजकूर मंजूर. आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम् म्हणतात, तेच इथे कामकाजाचा नियम म्हणून चालतं. माझ्या पहिल्याच वर्षी अशा एका निवेदनाची मुदत मी घड्याळाकडे बघत मोजत होते. बाराला आठ मिनिटं कमी असताना एका देशाचा दोन ओळींचा निरोप आला: ‘निषेध’ काढून ‘खेद’ घाला, अन्यथा आमची हरकत. आमच्या राजदूतांनी फोन उचलला, मग दुसऱ्या कोणी उचलला. संध्याकाळपर्यंत शब्द ठरला: ‘तीव्र चिंता’. निवेदन संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडलं, तोवर त्या देशातली बातमी शिळी झाली होती. त्या दिवशी मला फार राग आला होता. आज इतका येत नाही, कारण ‘चिंता’, ‘तीव्र चिंता’, ‘खेद’, ‘निषेध’, ‘तीव्र शब्दांत निषेध’ ही एक शिडी आहे आणि समोरच्या सरकारचे अधिकारी ती पायरी पायरीने वाचतात हे मी नंतर पाहिलं. मागच्या निवेदनात ‘चिंता’ होती आणि या वेळी ‘निषेध’ आला, याचा अर्थ २७ राजधान्या एक पायरी वर चढल्या, आणि पुढची पायरी निर्बंधांची असू शकते हे त्यांना कळतं.

तुम्ही अभ्यास करताय म्हणून एक उपयोगी गोष्ट. युनियनचं निवेदन आलं की मजकुराआधी मथळा वाचा. ‘युरोपियन युनियनच्या वतीने उच्च प्रतिनिधींचं निवेदन’ असं असेल तर त्यामागे २७ सरकारांची संमती आहे. नुसतं ‘उच्च प्रतिनिधींचं निवेदन’ असेल तर ते त्यांच्या पदाच्या अधिकारातलं. ‘प्रवक्त्यांचं निवेदन’ असेल तर त्याहून हलकं. मे २०२५ च्या सुरुवातीला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, उच्च प्रतिनिधी काया कालास यांनी भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या परराष्ट्र मंत्र्यांशी बोलून संयमाचं आवाहन केलं, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच लोकांना ते झोंबलं. मलाही झोंबलं. पण अशा वेळी उच्च प्रतिनिधी ज्या शब्दांत बोलतात ते सर्व राजधान्यांना आक्षेप न घेता चालतील असे निवडलेले असतात. त्यांच्या पदाची रचनाच तशी आहे.

या पदाबद्दल थोडं. १९९९ ते २००९ हावियेर सोलाना होते, मग कॅथरीन ॲश्टन, मोगेरिनी, जोसेप बोरेल आणि डिसेंबर २०२४ पासून कालास. लिस्बन करारानंतर हीच व्यक्ती परराष्ट्र मंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपदही सांभाळते आणि युरोपीय आयोगाची, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेची, उपाध्यक्षही असते. म्हणजे एक पाय सरकारांच्या तंबूत, एक पाय आयोगाच्या. हाताखाली परराष्ट्र सेवा आहे आणि जगभर १४० हून जास्त प्रतिनिधी कार्यालयं, दिल्लीतही एक. पण २७ देशांचे आपापले परराष्ट्र मंत्री आणि दूतावास आहेतच. शिवाय युरोपीय परिषदेचे, म्हणजे सरकारप्रमुखांच्या मंडळाचे, अध्यक्ष आणि आयोगाच्या अध्यक्ष दोघेही युनियनचं तोंड म्हणून बाहेर जातात. एप्रिल २०२१ मध्ये अंकाऱ्यात तुर्कस्तानच्या अध्यक्षांशेजारची एकमेव खुर्ची युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष शार्ल मिशेल यांनी घेतली आणि आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन उभ्या राहिल्या, मग बाजूच्या सोफ्यावर बसल्या. ते दृश्य जगाने पाहिलं. लोकांनी त्यात एका बाईचा अपमान पाहिला आणि तो होताच. त्याखाली दुसरी गोष्टही होती: यजमानाने कोणाला आधी खुर्ची द्यावी याचं उत्तर खुद्द ब्रुसेल्सने नीट देऊन ठेवलेलं नव्हतं.

कोसोवोचं उदाहरण मला यापेक्षा जास्त बोलकं वाटतं. २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं. २२ सदस्य देश त्याला मान्यता देतात, पण स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया देत नाहीत. यांतल्या बहुतेकांना आपल्या घरातल्या फुटीची भीती आहे. तरीही युनियनने तिथे कायदा-सुव्यवस्थेची मोहीम पाठवली. सायप्रसने तेव्हा विरोध न करता तटस्थ राहून वाट मोकळी केली. २०१३ मध्ये सर्बिया आणि कोसोवोचा समझोता ॲश्टन यांच्या मध्यस्थीने ब्रुसेल्समध्ये झाला. हे सगळं कशाच्या जोरावर? एका चांदणीच्या. युनियनच्या कागदांत कोसोवो या शब्दापुढे चांदणी असते आणि खाली तळटीप, की या नावामुळे त्याच्या दर्जाबद्दलच्या कोणाच्याच भूमिकेला बाधा येत नाही. मी कार्यालयात असताना एकदा ती चांदणी टंकायची राहिली, तर तासाभरात दोन देशांचे फोन आले. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. मला वाटत नाही. त्या चांदणीमुळे पाच देश आणि बावीस देश एका टेबलावर बसून काम करू शकले.

आता तुमचा दुसरा प्रश्न: एकाने नाही म्हटलं की ठप्प होतं का?

नकारामागे दरवेळी तत्त्वाचा वाद असतोच असं नाही. पुष्कळदा पाणी दुसरीकडेच मुरत असतं. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर बेलारूसमध्ये दडपशाही झाली. निर्बंध घालायला सगळे तयार, पण सायप्रसने कित्येक आठवडे ते अडवून धरले, कारण त्याला त्याच वेळी तुर्कस्तानविरुद्ध ठोस भूमिका हवी होती. ऑक्टोबरच्या शिखर बैठकीत रात्री उशिरा तडजोड झाली. जून २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीका करणारं युनियनचं निवेदन ग्रीसने थांबवलं. त्याच्या आदल्या वर्षीच ग्रीसमधल्या पिरेअस बंदराच्या कंपनीचा मोठा हिस्सा चिनी कॉस्को कंपनीने घेतला होता. दोन्हींचा संबंध अधिकृतपणे कोणी मान्य केला नाही, पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकालाही शंका नव्हती.

सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग २०२५ च्या उन्हाळ्यातला. रशियावरच्या निर्बंधांचा अठरावा संच स्लोव्हाकियाने अडवला. निर्बंधांच्या मजकुरावर त्यांचा मोठा आक्षेप नव्हता. आक्षेप होता रशियन वायू बंद करण्याच्या आयोगाच्या वेगळ्या प्रस्तावावर. आयोगाने तो प्रस्ताव व्यापार आणि ऊर्जेच्या कलमांखाली आणला होता, म्हणजे पात्र बहुमत पुरेसं. तिथे स्लोव्हाकियाचा नकार चालणार नव्हता, म्हणून त्याने जिथे चालतो तिथे पाचर मारली. आश्वासनं मिळाल्यावर १८ जुलैला संच मंजूर झाला आणि त्यात गुजरातेतल्या वाडिनारची नायरा एनर्जी ही तेलशुद्धीकरण कंपनी होती, जिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे. रशियन कच्च्या तेलापासून दुसऱ्या देशात बनवलेल्या डिझेलसारख्या मालावरही जानेवारी २०२६ पासून आयातबंदी त्याच संचात आली. आमच्या कचेरीतला फोन त्या आठवड्यात मुंबईच्या जहाज आणि विमा कंपन्यांनी खाली ठेवू दिला नाही. दिल्लीने एकतर्फी निर्बंध मानत नाही असं स्पष्ट सांगितलं. पण निर्बंध दोन टप्प्यांत येतात हे इथे लक्षात घ्या: आधी परराष्ट्र धोरणाखाली एकमताने राजकीय निर्णय, मग त्यावरून आर्थिक अंमलबजावणीचा नियम. तो नियम एकदा निघाला की लिस्बनपासून तालिनपर्यंतच्या प्रत्येक बँकेला थेट बंधनकारक होतो. रशियावरच्या नियमाला आमच्या धंद्यात नुसतं ‘८३३’ म्हणतात, २०१४ सालचा ८३३ क्रमांकाचा नियम. बँकेतला माणूस तुमच्याशी भूराजकारणावर वाद घालत नाही. तो यादीत नाव बघतो आणि व्यवहार थांबवतो.

अडलेलं घोडं पुढे काढायच्या वाटाही याच लोकांनी शोधल्या आहेत. १४ डिसेंबर २०२३ ला युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा निर्णय होता. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान विरोधात. जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी त्यांना कॉफी घेऊन या असं सुचवलं, ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण त्यामागे कायद्याचा नीट आधार होता: तटस्थ राहिल्याने किंवा हजर नसल्याने एकमत मोडत नाही, मोडतं ते उघड विरोधाने. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनला शस्त्रं देण्याचा निर्णय झाला तेव्हा ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा या तटस्थ देशांनी ‘रचनात्मक तटस्थता’ घेतली. आम्ही शस्त्रांसाठी पैसा देणार नाही, पण तुम्हाला अडवणारही नाही, असा त्याचा अर्थ. तो पैसाही युनियनच्या अंदाजपत्रकाबाहेरच्या वेगळ्या निधीतून आला, कारण करार अंदाजपत्रकातून लष्करी खर्च करू देत नाही. पुन्हा कलम.

आणि डिसेंबर २०२५. युनियनमध्ये अडकवून ठेवलेली रशियाच्या मध्यवर्ती बँकेची मालमत्ता साधारण २१० अब्ज युरोंची, तिचा बहुतेक भाग बेल्जियमच्या युरोक्लिअर या संस्थेत. ती दर सहा महिन्यांनी एकमताने मुदतवाढ घेऊन अडकवलेली राहायची, म्हणजे दर सहा महिन्यांनी एखादा देश किंमत मागणार. १२ डिसेंबरला आर्थिक आणीबाणीच्या १२२ व्या कलमाचा आधार घेऊन, हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा विरोध असताना, ती बेमुदत अडकवण्याचा निर्णय बहुमताने झाला. मी त्या दिवशी त्या निर्णयाचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. हेतू मला पटतो. पण आणीबाणीचं कलम परराष्ट्र धोरणासाठी वापरायची सवय लागली, तर उद्या छोट्या देशांना करारावर विश्वास कशाला राहील, हा प्रश्नही मला पडतो आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

नकाराधिकार काढूनच का टाकत नाहीत? करारात तशी सोय आहे, पण ती वापरायलाच एकमत लागतं. २०१८ मध्ये आयोगाने सुचवलं होतं की मानवाधिकारांवरची निवेदनं, निर्बंध आणि नागरी मोहिमा तेवढ्या पात्र बहुमतावर न्याव्यात. मला ही मर्यादित सूचना योग्य वाटते. सैन्य पाठवण्याच्या निर्णयात मात्र एकमत राहिलंच पाहिजे. कुठल्याही देशाच्या मुलांना बहुमताने रणांगणावर पाठवता कामा नये. छोट्या देशांची भीती खोटी नाही. मी ज्या कार्यालयात होते तिथले राजदूत एकदाही नकार देऊन मोकळे झालेले मी पाहिले नाहीत. पण आपल्याला तो देता येतो, या एका गोष्टीमुळे मोठ्या देशांचे राजदूत त्यांना बैठकीआधी फोन करत. तो फोन येणं बंद होईल, ही खरी भीती आहे.

शेवटचा प्रश्न, भारताने बोलावं कुणाशी.

युनियनशी वाटाघाटी करणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांची जुनी तक्रार आहे की समोरचा माणूस हलतच नाही. तो हलू शकत नाही. टेबलावर येण्याआधी त्याने २७ देशांशी वाटाघाटी करून एक अधिकारपत्र मिळवलेलं असतं. त्यातला एक शब्द बदलायचा तर सगळी मोळी पुन्हा सोडावी लागते. मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये बंद पडली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. या वेळी गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन यांची बोलणी मुद्दाम वेगळी काढली होती. त्यामागे कॅनडाचा धडा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅनडाचा करार सह्यांच्या तोंडावर बेल्जियमच्या वालोनी प्रांताने अडवला, साधारण ३६ लाख लोकांचा प्रांत. त्या करारात गुंतवणुकीचा भाग होता आणि तो काही अंशी राष्ट्रीय अधिकारात येतो, म्हणून प्रत्येक देशाची मान्यता लागणार होती. बेल्जियममध्ये केंद्राला प्रांतांच्या संमतीशिवाय सही करता येत नाही. २०१७ मध्ये सिंगापूरच्या करारावर युनियनच्या न्यायालयाने ही सीमारेषा स्पष्ट केली, आणि तेव्हापासून निव्वळ व्यापाराचा करार वेगळा ठेवायची पद्धत रुळली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निर्यातदारांना मी आधी हेच विचारते की तुमचा विषय कुठल्या कलमाखाली आहे. द्राक्षातले औषधांचे अंश, पोलादावरचा कार्बन कर, आंब्याची कीड: इथे पॅरिस-बर्लिनला जाऊन तोंडदेखलं आश्वासन मिळेल, पण निर्णय ब्रुसेल्सच्या आयोगात आणि समितीत होणार. तिथे मसुदा जनतेच्या सूचनांसाठी उघडा असतो, त्या काही आठवड्यांत आपलं म्हणणं आकड्यांसह लेखी द्यायचं. नाशिकच्या बागायतदारांच्या संघटनेला हे मी दरवेळी सांगते आणि आता ते वेळेत देतातही. निर्बंध, दहशतवाद, सुरक्षा परिषदेतली जागा, शेजाऱ्यांविषयीचा ठराव: इथे २७ राजधान्या महत्त्वाच्या, आणि त्यांत फक्त मोठ्या नव्हे. आपल्याकडून पॅरिस, बर्लिन, रोमला मंत्री जातात. ल्युब्लियाना, रिगा, निकोसियाला क्वचित जातात. २०२६ च्या पहिल्या सहामाहीत मंत्र्यांच्या परिषदेचं फिरतं अध्यक्षपद सायप्रसकडे, दुसऱ्या सहामाहीत आयर्लंडकडे. परराष्ट्र मंत्र्यांची बैठक उच्च प्रतिनिधी चालवतात हे खरं, पण कायम प्रतिनिधींच्या टेबलावर विषय कधी येणार याची किल्ली अध्यक्ष देशाच्या राजदूताकडे असते.

आणि मजकूर कार्यगटात असतानाच बोलायचं, मंत्र्यांपर्यंत पोचल्यावर नाही. आशियाच्या कार्यगटातल्या त्या तिशी-चाळिशीतल्या सत्तावीस अधिकाऱ्यांपैकी दहा-बाराजणांना आपल्या दूतावासातला माणूस नावाने ओळखत असेल आणि मसुदा फिरायच्या आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर जेवला असेल, तर ‘दोन्ही बाजूंनी संयम राखावा’ यातले ‘दोन्ही बाजूंनी’ हे दोन शब्द कधीकधी मसुद्यात येतच नाहीत. आले, तर दुसऱ्या दिवशी ते काढायला परराष्ट्र मंत्र्यांना फोन करावा लागतो, आणि तोवर बाराचा ठोका पडून गेलेला असतो.